आई झोपलीय, हळू बोला

आमच्या सोलापूरच्या घरात दसऱ्यानंतरचे पाच दिवस दुपारी मिक्सर लावायचा नाही असा नियम होता. टीव्हीचा आवाज पण बारीक. मी चौथी-पाचवीत असेन, एकदा मैत्रिणींना घेऊन जिन्यात दंगा चाललेला, आजी आतून आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू गं, आई झोपलीय." मला वाटलं माझी आई. आणि ती खरंच झोपलेली होती, देवघरासमोर चटईवर, उशी पण न घेता, हात डोक्याखाली. पण आजी म्हणत होती ती तुळजापूरची आई. दोघी एकाच वेळी झोपायच्या त्यामुळे आजी नेमकं कुणाबद्दल बोलतेय हे मला कितीतरी वर्षं कळायचंच नाही, आणि खरं सांगू तर आजीच्या मनात पण त्यात फार फरक नसावा असं आता वाटतं.

पुण्यात येऊन मला आता बरीच वर्षं झाली. ऑफिसात नवरात्र म्हणजे नऊ रंग, गरबा, उपवासाच्या थाळ्या, आणि दसऱ्याला आपट्याची पानं वाटली की संपलं. ते सगळं मला आवडतं, मी पण रंग पाळते, फोटो काढते. पण मागे एकदा जेवताना मी सहज बोलून गेले की आमची देवी आता झोपलीय, पौर्णिमेला उठेल, तर टेबलावरच्या सगळ्या माझ्याकडे बघायलाच लागल्या. देवी झोपते? म्हणजे कशी? मग मी सांगत बसले, लंच टाइम संपला तरी सांगणं संपलं नाही, आणि तेव्हाच ठरवलं की हे एकदा सगळं लिहून काढायचं.

तर तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. म्हणजे जमिनीत पक्की बसवलेली नाही, ती सिंहासनावरून हलवता येते. गंडकी शिळेची, आठ हातांची, महिषासुराला मारणारी अशी ती मूर्ती आहे आणि वर्षातून तीन वेळा तिला सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात. पहिली झोप नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत, तिला घोरनिद्रा म्हणतात. महिषासुराशी लढायचंय, त्याच्या आधीची विश्रांती. मग घटस्थापनेच्या पहाटे तिला उठवून सिंहासनावर बसवतात आणि नवरात्र सुरू होतं. दुसरी झोप दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत, ती श्रमनिद्रा, लढून दमली म्हणून. आणि तिसरी पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी, तिला मोहनिद्रा म्हणतात. सगळे मिळून २१ दिवस. झोपेच्या दिवसात तिच्या अंगावर दह्यादुधाचे अभिषेक नाहीत, सिंहासनपूजा नाहीत. दर्शन चालू असतं, पण लोक बघतात ते निजलेल्या देवीला. नवरात्राच्या आधी तिच्या गादीसाठी कापूस निवडायचा विधी असतो, बायका बसून हाताने कापूस साफ करतात आणि देवीची गाणी म्हणतात. आजी सांगायची, कापसात एक सरकी राहिली तरी आईच्या पाठीला टोचंल. दगडाच्या मूर्तीला सरकी टोचेल याची काळजी! मी लहानपणी ते ऐकून घ्यायचे फक्त. आता स्वतःच्या लेकीचं अंथरूण घालताना कधीकधी हात फिरवून बघते तेव्हा आजीचं ते वाक्य आठवतं.

आता माझी आई का झोपायची ते सांगते.

आमच्याकडे घट बसतात. शेतातली काळी माती आणायची, पत्रावळीवर पसरायची, त्यात गहू, ज्वारी असं धान्य पेरायचं, मध्ये मातीचा घट, त्यावर विड्याची पानं आणि नारळ, आणि वर रोज एक माळ. पहिली माळ विड्याच्या पानांची, पुढच्या बहुतेक तरवडाच्या पिवळ्या फुलांच्या, कारण आमच्याकडे त्या दिवसात माळरानावर तरवड नुसता फुललेला असतो. सोलापुरात दिवस पण असेच मोजतात त्या काळात, तारीख कुणी विचारत नाही, "आज कितवी माळ?" असं विचारतात. पाचव्या-सहाव्या माळेपर्यंत धान बोटभर वर आलेलं असतं. मग घटावर कडाकण्यांचा, म्हणजे तळलेल्या कडक गोड पुऱ्यांचा, फुलोरा बांधायचा, आणि त्या कडाकण्या खाली उतरवल्याशिवाय खायला मिळायच्या नाहीत, आम्ही भावंडं नुसते वर बघत बसायचो.

आणि या सगळ्यात मेन गोष्ट म्हणजे नंदादीप. घटाशेजारचा दिवा नऊ दिवस, नऊ रात्री विझू द्यायचा नाही. हे लिहायला एक ओळ लागते पण करायला काय लागतं ते आमच्या आईला विचारा. रात्री साडेबाराला एकदा तेल, मग अडीचला, मग पहाटे साडेचारला, प्रत्येक वेळी काजळी झाडायची, वात पुढे सारायची, पंख्याचा वारा लागू नये म्हणून आम्ही सगळे नऊ रात्री पंख्याशिवाय झोपायचो, आणि आश्विनातली सोलापूरची उकाड्याची रात्र ज्यांनी काढलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय. त्यात आईचा नऊ दिवसांचा उपवास. घरातले बाकीचे उठता-बसता करायचे, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या माळेला, आई मात्र सगळे. दिवसा सगळ्यांचा स्वयंपाक, सवाष्णी, ओट्या, दारात आराधी बायका यायच्या, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, "जोगवा" म्हणून हाक आली की हातातलं टाकून पळायचं, पीठ-मीठ वाढायचं, पाया पडायचं. मी रात्री कधी पाण्याला उठले की अंधारात तो एक दिवा आणि त्याच्या उजेडात वाकून बसलेली आई दिसायची. माझ्या डोळ्यासमोर नवरात्र म्हटलं की अजून तेच चित्र येतं, सजवलेली मूर्ती नाही.

तर दसऱ्याला घट उठले, पुरणाचा नैवेद्य झाला, धान कानाला आणि टोपीला खोचून सगळे सोनं वाटायला गेले की दुसऱ्या दिवसापासून आजी आईला म्हणायची, "देवी नऊ दिवस लढली, तू नऊ रात्री दिवा राखलास. ती निजली, आता तू पण नीज." आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. ते पाच दिवस दुपारी आजी स्वतः भांडी घासायची, अप्पांना चहा करून द्यायची, दारावर कुणी आलं तर बाहेरच्या बाहेर बोलून पाठवायची. घरात साधी आमटी-भाकरी, शेंगाची चटणी, बास. एरवी आजी काही फार मऊ सासू नव्हती, आईला कामावरून बोलायची पण. पण श्रमनिद्रेचे पाच दिवस म्हणजे पाच दिवस. हे शास्त्रात कुठं सांगितलंय असं नाही, शेजारीपाजारी कुणाकडे असं मी बघितलं नाही. आजीनेच काढलं असणार. तिला तिच्या सासूने कधी झोपू दिलं नसेल म्हणून काढलं असेल का, हे मी तिला विचारायला हवं होतं, ते राहूनच गेलं.

देवीला झोपवतात तो सोहळा मी एकदाच डोळ्यांनी बघितलाय, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मामीसोबत. दसऱ्याच्या पहाटे, अजून अंधार असतो तेव्हा, तुळजापुरात देवीचं सीमोल्लंघन होतं. तिची पालखी आणि पलंग नगरकडून येतात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरहून. पालखीचा मान तिथल्या बुऱ्हाणनगरच्या तेली घराण्याकडे आहे, आणि पलंग मुळात पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून निघून गावोगाव मुक्काम करत नगरमार्गे येतो, वाटेत बायका त्या रिकाम्या पलंगाला ओवाळतात, ओट्या भरतात. मला हे फार भारी वाटतं की देवीला झोपायला पलंग दुसऱ्या जिल्ह्यातून, लोकांच्या खांद्यावरून येतो. आदल्या पाच-सहा दिवसात तिच्या अलंकार पूजा झालेल्या असतात, रथ अलंकार, मुरली, शेषशाई, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी. भवानी तलवार अलंकारात ती शिवाजी महाराजांना तलवार देतेय असं रूप असतं, ती पूजा बघायला तर गर्दी विचारूच नका. एवढा सगळा थाट झाल्यावर मग ती पहाट. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून तिच्याभोवती १०८ साड्या गुंडाळतात, त्याला दिंड म्हणतात. मग पालखीत बसवून मंदिराला प्रदक्षिणा, पिंपळपारावर थोडं थांबणं, आरती. संबळ वाजतोय, वरून हळद-कुंकू एवढं उधळतायत की पायाखालची फरशी दिसत नाही, आणि "आई राजा उदो उदो" हा आवाज असा येतो की छातीत घुमतो. आणि मग तिला पलंगावर निजवतात आणि बघता बघता तो सगळा आवाज खाली येतो. मामीने माझा हात धरला होता, ती म्हणाली, "दमली गं माझी माय." मामीच्या डोळ्यात पाणी होतं, माझ्या पण.

जी देवी राक्षसाला मारते ती दमू शकते, हे आमच्या लोकांनी मान्य केलंय. तिला थकवा येतो असं म्हणायला कुणाला कमीपणा वाटत नाही, उलट तिच्यासाठी गादी भरतात, पलंग आणतात, चालत नेतात. मी जेवढ्या देवळात गेलेय तेवढ्यात मला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते. रात्रीची शेजारती खूप ठिकाणी असते, पण लढून आलेल्या आईला पाच दिवस सलग झोपू द्यायचं, हे मला आमच्या तुळजापुरातच भेटलं.

आणि मग तिला उठवायला जायचं. सोलापूरकरांसाठी खरी यात्रा तीच. कोजागिरीला सोलापूर ते तुळजापूर चालत, साधारण ४५ किलोमीटर. काही जण पौर्णिमेच्या दिवशी निघतात पण आमच्या घरची पद्धत आदल्या संध्याकाळी निघायची, म्हणजे आई पहाटे सिंहासनावर बसते तोपर्यंत आपण गावात पोचलेलो पाहिजे. रूपाभवानीच्या देवळात नारळ फोडायचा आणि तुळजापूर रोडला लागायचं. त्या रात्री रस्त्यावर गाड्या नसतात, वाहतूक दुसरीकडून वळवतात, आणि एवढा मोठा हायवे नुसता माणसांनी भरलेला असतो. अनवाणी पोरं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, साठी उलटलेले आजोबा. कलबुर्गी, विजयपूर भागातून तर लोक किती दिवस आधीच चालत निघालेले असतात, त्यांची ती अंबाभवानी, त्यांच्या तोंडी कन्नड, आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली लोकांच्या तोंडी तेलुगू, आणि मध्ये कुठूनतरी "आई राजा" अशी हाक येते आणि सगळ्या भाषांतून एकच "उदो उदो" येतं.

आईने हे चालणं सत्तावीस वर्षं केलं, लग्न झाल्यापासून. पाच दिवस झोपून ताजी झालेली ती पायात साध्या स्लीपर घालून निघायची, पिशवीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, एक स्वेटर. २०२० ला देवळं बंद होती, यात्रा पण बंद, तेव्हा त्या रात्री ती गच्चीवर गेली आणि फेऱ्या मारत बसली, मोजून नाही, नुसती पहाटेपर्यंत. मी लॉकडाऊनमुळे घरीच होते, मध्ये दोनदा चहा घेऊन वर गेले, ती थांबली नाही, चालता चालताच प्यायली. त्यानंतर दोन वर्षांनी तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी लांब चालायला कायमचं नाही सांगितलं.

म्हणून मग मी निघाले. पहिल्या वर्षी मला भीती होती की जमेल का, कारण आयुष्यात सलग दहा किलोमीटर पण चाललेले नव्हते. उळ्यापर्यंत काही वाटलं नाही, गप्पा मारत गेलो, मावसबहीण सोबत होती. तामलवाडीच्या आधी पायाच्या तळव्यांना फोड आले. पण त्या रस्त्यावर तुम्हाला कुणी एकटं पडू देत नाही हो, दर थोड्या अंतरावर मंडप, चहा, केळी, मुरमुऱ्यांचा सुशीला, मसाला दूध, आणि सगळं हाताला धरून बसवून देतात. पाय चोळून देणारी कॉलेजची पोरं, गरम पाण्याच्या बादल्या घेऊन बसलेली. एका मंडपाच्या कडेला एक कन्नड मावशी सतरंजी टाकून बसलेल्या, मी लंगडताना बघून म्हणाल्या, "बा अव्वा, कुंद्र." मी बसले. त्यांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि खोबरेल तेल लावलं. मी नको नको म्हणतेय, पाय ओढतेय, कारण वयाने आईएवढ्या बाईने आपल्या पायाला हात लावायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कन्नड चार शब्द. त्यांनी फक्त तुळजापूरच्या दिशेला बोट केलं, मग हात जोडले, आणि परत तेल लावायला लागल्या. मी मग काही बोलले नाही.

माळुंब्र्याच्या पुढे रात्र संपत आलेली असते आणि अंग पण. मग घाट. घाटात कुणी बोलत नाही, फक्त पायांचा आवाज आणि मधूनच उदो. वर गावाचे दिवे दिसायला लागले आणि माझी मावसबहीण रडायला लागली, दुखतंय म्हणून का आनंदाने तिलाच सांगता येईना. गावात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालेलं. सोलापूरच्या मानाच्या काठ्या पण याच पौर्णिमेला येतात, त्यांची लगबग, हलग्या, रस्ताभर माणूस. महाद्वारापर्यंत जाता येईल तेवढं गेलो. देऊळ खाली आहे, महाद्वारातून पायऱ्या उतरत जायचं, वाटेत गोमुख तीर्थ, कल्लोळ तीर्थ, पण त्या दिवशी दर्शनाची रांग एवढी की कितीतरी लोक नुसतं कळसाला हात जोडून परत फिरतात. आईने मला आधीच सांगून ठेवलं होतं, "कळस दिसला तरी पोचलं म्हणायचं, रांगेत जीव काढू नको." मी कळस बघितला. डोकं टेकवायला जागा नव्हती म्हणून उभ्या उभ्याच हात जोडले.

मग बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून आईला फोन लावला. पहाटेची वेळ, मला वाटलं झोपलेली असेल, पाचव्या दिवसाची शेवटची झोप. पहिल्याच रिंगला उचलला. हॅलो नाही, कशी आहेस नाही, पाय दुखतायत का नाही. एकदम हळू आवाजात विचारलं, "उठली का गं?"

मागून चौघडा आणि उदो उदो ऐकू येत होतं, मी फोन थोडा वर धरला तिला ऐकू जावं म्हणून. मग म्हटलं, "उठली."

"बरं," आई म्हणाली, आणि पलंगावरून पाय खाली सोडताना ती करते तो आवाज मला फोनमधून आला. "मग मी पण उठते आता. संध्याकाळच्या दुधाचं बघायचंय."